काळ्या यादीतला आवाज

१९५० चा उन्हाळा. अमेरिकेतल्या कुठल्याही गावातल्या खाणावळीत शिरलं, तर कोपऱ्यातल्या ज्यूकबॉक्समधून एक गाणं हमखास कानावर पडायचं. ‘गुडनाइट आयरीन’. डेक्का कंपनीची ती तबकडी तब्बल १३ आठवडे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. गाणारे चौघे स्वतःला ‘द वीव्हर्स’ म्हणवून घेत: ली हेज, रॉनी गिल्बर्ट, फ्रेड हेलरमन आणि पीट सीगर. त्यांच्यामागे गॉर्डन जेंकिन्स यांच्या वाद्यवृंदातली व्हायोलिनं गोड स्वरांची झालर लावत होती. गाणं मूळ लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाकडून आलेलं. १९३३ साली तो लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात कैदी असताना लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी ते त्याच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून घेतलं होतं. डेक्काची तबकडी देशभर वाजू लागली तेव्हा लेडबेलीला जाऊन सहा महिने झाले होते. आयुष्यभर त्याच्या हाताला न लागलेला पैसा त्याच्या गाण्याने त्याच्या मृत्यूनंतर मिळवला.

पीट सीगर तेव्हा ३१ वर्षांचे होते. उंच, सडपातळ, खांद्याला लांब मानेचा बँजो. पुढे ते ९४ वर्षं जगले आणि १९४१ पासून अगदी शेवटपर्यंत गात, ध्वनिमुद्रण करत राहिले. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण ‘आयरीन’ला शिखर मानतात, पुढची बंदीची वर्षं म्हणजे दरी आणि १९६० नंतरचं पुनरागमन म्हणजे दुसरं शिखर, असा नकाशा काढतात. मला हा नकाशा उलटा वाटतो. सीगर यांनी अमेरिकेच्या गाण्याला जे दिलं, त्यातला सर्वांत टिकाऊ भाग त्या दरीतच तयार झाला. मोठ्या कंपन्यांनी, रेडिओने आणि टीव्हीने दारं लावून घेतलेली असताना, न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा कंपनीच्या अडचणीच्या स्टुडिओत.

सीगर यांचा जन्म ३ मे १९१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्राचे अभ्यासक, आई कॉन्स्टन्स व्हायोलिनवादक, सावत्र आई रूथ क्रॉफर्ड सीगर नावाजलेल्या संगीतकार. घरात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत खेळत असलं तरी या मुलाला स्वरलिपी गिरवण्यात रस नव्हता. १९३६ साली वडिलांबरोबर तो नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅशव्हिलच्या लोकसंगीत महोत्सवाला गेला आणि तिथे त्याने पाच तारांचा बँजो ऐकला. मूळचं आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेलं हे वाद्य तोवर शहरांतून जवळपास हद्दपार झालं होतं. डोंगराळ भागातली काही माणसं तेवढी ते वाजवत होती. १९३८ साली सीगर यांनी हार्वर्ड विद्यापीठ अर्ध्यावर सोडलं. त्यानंतर जॉन लोमॅक्स यांचा मुलगा अॅलन याने त्यांना वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकगीत संग्रहात कामाला घेतलं. काम होतं जुन्या तबकड्या ऐकायचं आणि त्यांतल्या कामाच्या बाजूला काढायचं.

ही नोकरी फार महत्त्वाची आहे. सीगर काही खेड्यात वाढलेले नव्हते. आजीच्या मांडीवर बसून लोकगीतं ऐकलेला हा माणूस नव्हे. खाणकामगारांची, कापसाच्या शेतांतली, डोंगरातल्या ख्रिस्ती भजनांची गाणी त्यांनी बव्हंशी तबकड्यांवरून उचलली. सुई परत परत मागे नेऊन, बोटं कुठे पडतात याचा अंदाज घेत. तबकडी ही शिकायची गोष्ट आहे, हे त्यांना पहिल्यापासून अनुभवाने ठाऊक होतं, आणि पुढे स्वतःच्या तबकड्या करतानाही त्यांनी समोरचा माणूस विद्यार्थी आहे असंच धरलं.

मार्च १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या एका मदत-कार्यक्रमात त्यांची लोकगायक वुडी गथ्रीशी गाठ पडली. पुढच्या वर्षी ली हेज आणि मिलार्ड लॅम्पेल यांच्याबरोबर ‘अल्मनॅक सिंगर्स’ उभे राहिले. त्यांचा पहिला संच ‘साँग्ज फॉर जॉन डो’ १९४१ च्या मे महिन्यात निघाला. ७८ फेऱ्यांच्या तीन तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. गाण्यांचा सूर युद्धविरोधी होता. अमेरिकेने युरोपच्या लढाईत पडू नये आणि रूझवेल्ट यांनी सक्तीची सैन्यभरती करू नये, असा. अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाची तेव्हाची भूमिका हीच होती. २२ जूनला हिटलरने सोव्हिएत संघावर चाल केली आणि भूमिका एका रात्रीत फिरली. संच बाजारातून मागे घेतला गेला. त्याच वर्षीचा दुसरा संच ‘टॉकिंग युनियन’ मात्र कामगार चळवळीत मुरला. १९४२ चा ‘डिअर मिस्टर प्रेसिडेंट’ हा संच तर उघडउघड युद्धाच्या बाजूने होता. वर्षभरात गाण्यांनी तोंड फिरवलं, ही गोष्ट सीगर यांच्या चाहत्यांना झाकून ठेवावीशी वाटते. ती झाकू नये. गाणं पक्षाच्या ठरावामागे धावलं की काय होतं, याचा पुरावाच त्या तीन संचांत आहे. सीगर स्वतःही त्या पक्षात होते. १९४९-५० च्या सुमारास त्यांनी तो सोडला आणि खूप उशिरा का होईना, २००७ मध्ये स्टालिनविरुद्ध एक गाणंही लिहिलं.

सैन्यात भरती होऊन सीगर पॅसिफिकमधल्या सायपान बेटापर्यंत गेले. मधल्या काळात, १९४३ च्या जुलैमध्ये, तोशी ओता यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांच्या घराचा आणि कार्यक्रमांचा सगळा व्यवहार पुढची ७० वर्षं तोशीबाईंनी सांभाळला. त्या नसत्या तर ही कारकीर्द झाली नसती, असं मी बिनदिक्कत म्हणेन. युद्धानंतर सीगर यांनी काढलेली ‘पीपल्स साँग्ज’ ही संस्था १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेन्री वॉलेस यांच्या प्रचारात उतरली आणि पराभवानंतर दिवाळखोरीत गेली. देशाचा वारा बदलला होता. ४ सप्टेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पीक्सकिलजवळ कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचा जलसा झाला. सीगरही त्यात गायले. परतीच्या वाटेवर जमावाने गाड्यांवर दगडांचा वर्षाव केला, पोलीस बघत राहिले. सीगर यांच्या गाडीत तोशी, लहान मुलं आणि सासरे होते. काचा फोडून आत आलेले काही दगड सीगर यांनी जपून ठेवले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या उत्तरेला साठेक मैलांवर, बीकन गावाशेजारी हडसन नदीवरच्या उतारावर ते स्वतःच्या हातांनी लाकडाचं घर बांधत होते. त्या घराच्या धुराड्याच्या चिऱ्यांत हे दगड बसवले गेले.

अशा हवेत वीव्हर्सना यश मिळालं, आणि तितक्याच वेगाने ते हिरावलंही गेलं. १९५० च्या जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीवरच्या डाव्या म्हणून संशयित कलावंतांची ती यादी. सीगर त्यात होते. वीव्हर्सना देऊ केलेला टीव्हीचा कार्यक्रम रद्द झाला, कार्यक्रम ठरवायचे आणि आयत्या वेळी नकार यायचा हे नित्याचं झालं. फेब्रुवारी १९५२ मध्ये हार्वी मॅट्यूसो नावाच्या खबऱ्याने साक्ष दिली की वीव्हर्सपैकी काही जण कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहेत. पुढे त्यानेच आपण अनेकांविरुद्ध खोट्या साक्षी दिल्याचं कबूल केलं. पण तोवर चौकडी मोडली होती. १९५३ पर्यंत डेक्काने करार संपवला आणि लाखांनी खपलेल्या तबकड्या दुकानांतून नाहीशा झाल्या.

इथे मोझेस अॅश यांचा प्रवेश होतो. सगळे त्यांना मो म्हणत. वॉर्सात जन्मलेले, यिडिश कादंबरीकार शोलेम अॅश यांचे चिरंजीव, जर्मनीत रेडिओ तंत्र शिकलेले. याआधी त्यांच्या दोन कंपन्या बुडाल्या होत्या. १९४८ च्या मे महिन्यात मेरियन डिस्टलर यांच्यासह त्यांनी तिसरी काढली. तिचं नाव फोकवेज. डेक्का किंवा कोलंबियाचा हिशेब साधा होता: तबकडी काढायची, खपली तर पुन्हा छापायची, नाही खपली तर यादीतून कटाप. अॅश यांचा हिशेब दुसराच. थोड्या प्रती काढायच्या, संपत आल्या की पुन्हा थोड्या. वर्षाला मोजकी गिऱ्हाइकं असलेली तबकडीसुद्धा यादीतून काढायची नाही. शब्दकोशातलं एखादं अक्षर कमी लागतं म्हणून कोणी ते वगळत नाही, अशा अर्थाचं ते नेहमी बोलत. त्यांच्या यादीत बेडकांचे आवाज होते, आगगाडीचे आवाज होते, कवींची वाचनं होती, जगभरातलं लोकसंगीत होतं. ग्रंथालयं आणि शाळा हे त्यांचे भरवशाचे ग्राहक. काळी यादी छापणाऱ्यांचा धाक जाहिरातदारांवर चालत होता, आणि जाहिरातदारांशी अॅश यांचा काही संबंधच नव्हता. त्यामुळे ज्या आवाजाला बाकी कुणी दारात उभं करत नव्हतं, तो फोकवेजच्या स्टुडिओत केव्हाही येऊ शकत होता.

फोकवेजची जुनी तबकडी हातात घेतली की ती कुठल्या वृत्तीने काढली होती ते कळतं. जाड काळं पुठ्ठ्याचं वेष्टन आणि त्यावर चिकटवलेला एका-दोन रंगांतला कागद. चकचकीत काहीच नाही. पण आत एक पुस्तिका. तिच्यात गाण्यांचे शब्द, गाणं कुठून आलं, कोणाकडून शिकलं, कधी सुरावट आणि वाजवायच्या खुणाही. विकत घेणाऱ्याने हे गाणं नुसतं ऐकायचं नसून म्हणायचं आहे, हे गृहीतच धरलेलं. सीगर मधूनच येत, अॅश यांच्या मायक्रोफोनसमोर बसत आणि एकामागून एक गाणी म्हणून जात. फेरमुद्रणाचे सोपस्कार कमीच. त्यांतली कुठली कुठल्या तबकडीत जायची ते अॅश नंतर ठरवत. मानधन बेताचंच असे. हिशेबाच्या बाबतीत अॅश यांच्याविषयी अनेक कलावंतांच्या तक्रारी होत्या आणि त्या अगदीच निराधार नसाव्यात. तरीही पन्नासहून अधिक तबकड्या सीगर यांनी या कंपनीसाठी केल्या.

१९४८ मध्येच लाँग प्ले तबकडी आली होती. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळू लागली. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत एक गाणं कसंबसं बसे. आता गाण्याआधी चार वाक्यं बोलता येत, एखादी गोष्ट सांगता येई, एकाच विषयाची पंधरा-वीस गाणी मांडता येत. ‘अमेरिकन इंडस्ट्रियल बॅलड्स’मध्ये खाणी, गिरण्या आणि बेकारीची गाणी ओळीने आली. ‘बर्ड्स, बीस्ट्स, बग्ज अँड लिटल फिशेस’ लहान मुलांसाठी. ‘गूफिंग-ऑफ सूट’मध्ये तर बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली सुरावट चक्क बँजोवर. आणि १९५७ ते १९६२ या काळात पाच भागांत निघालेला ‘अमेरिकन फेव्हरिट बॅलड्स’ हा संच. सगळ्यांना माहीत असायला हवीत पण कुणाला पूर्ण येत नाहीत, अशी गाणी त्यात एकच माणूस, एकच बँजो किंवा बारा तारांची गिटार घेऊन साध्या, स्वच्छ उच्चारांत म्हणतो. हरकती नाहीत, आळवणं नाही. प्रत्येक शब्द ऐकू येतो. काही समीक्षकांना हे गाणं फार सपाट वाटलं. मला वाटतं, तो सपाटपणा जाणूनबुजून राखलेला होता. गाणाऱ्याचा ठसा फार उमटला, तर शिकणारा त्याची नक्कल करतो. इथे शिकणाऱ्याला स्वतःचं गाणं करायला जागा ठेवलेली होती.

बँजो कसा वाजवावा याची एक छोटी पुस्तिका सीगर यांनी १९४८ मध्ये स्वतःच सायक्लोस्टाइल करून काढली होती. १९५४ मध्ये फोकवेजने तिच्या जोडीला शिकवणीची तबकडी काढली. त्या पुस्तिकेवरून बँजो शिकलेला एक मुलगा म्हणजे डेव्ह गार्ड. त्याच्या किंग्स्टन ट्रिओने १९५८ मध्ये ‘टॉम डूली’ हे गाणं गाजवलं आणि लोकसंगीताची लाट उसळली, ज्या लाटेतून पुढे जोन बाएझ आणि बॉब डिलन आले. सीगर यांच्यावर बंदी असताना त्यांचे विद्यार्थी अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोहोचत होते.

बंदी तर चालूच होती. १८ ऑगस्ट १९५५ रोजी प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीने त्यांना साक्षीला बोलावलं. त्या काळात डाव्या साक्षीदारांचा नेहमीचा मार्ग म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेणं, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास नकार देणं. त्याने तुरुंग टळत असे. सीगर यांनी तो मार्ग नाकारला. माझं राजकारण, माझा धर्म, माझी मतं हा तुमच्या चौकशीचा विषयच नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. कुठल्या कार्यक्रमात काय गायलो हे सांगण्यापेक्षा ते गाणंच म्हणून दाखवतो, असंही त्यांनी सुचवलं. समितीला गाणं नको होतं. मार्च १९५७ मध्ये सभागृहाच्या अवमानाचे दहा आरोप ठेवले गेले. १९६१ मध्ये दोषी ठरवून वर्षभराची शिक्षा सुनावण्यात आली. मे १९६२ मध्ये आरोपपत्रच सदोष असल्याचं सांगून वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे सात वर्षं डोक्यावर टांगती तलवार. न्यूयॉर्कच्या हद्दीबाहेर जायचं तरी सरकारी वकिलाला आधी कळवावं लागे.

या सात वर्षांत त्यांनी शाळा, उन्हाळी शिबिरं, महाविद्यालयं यांना आपला रंगमंच केलं. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. विरोध करणाऱ्यांना बातमी लागेपर्यंत कार्यक्रम होऊन सीगर पुढे गेलेले असत. सगळीकडे निभावलं असं नाही. १९६० मध्ये सॅन डिएगोच्या शिक्षण मंडळाने शाळेचं सभागृह द्यायला निष्ठेच्या प्रतिज्ञापत्राची अट घातली. सीगर यांनी सही केली नाही आणि न्यायालयाच्या आदेशावर कार्यक्रम झाला. मंडळाने २००९ मध्ये त्यांची माफी मागितली, ४९ वर्षांनी.

याच काळात, १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, हॅरॉल्ड लेव्हेंथल या व्यवस्थापकाने वीव्हर्सना पुन्हा एकत्र आणून कार्नेगी हॉलमध्ये उभं केलं. तिकिटं संपली. व्हँगार्ड या दुसऱ्या लहान कंपनीने १९५७ मध्ये त्याची तबकडी काढली. डेक्काच्या तबकडीत व्हायोलिनांनी झाकलेले चार आवाज इथे उघडे आले, आणि सोबत श्रोत्यांचाही आवाज आला.

तो श्रोत्यांचा आवाज सीगर यांच्या ध्वनिमुद्रणांचा प्राण आहे. १९६१ मध्ये, खटला अजून उभा असताना, कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंड यांनी त्यांच्याशी करार करून धाडस दाखवलं. त्या कंपनीसाठी ८ जून १९६३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये मुद्रित झालेला ‘वी शॅल ओव्हरकम’ हा कार्यक्रम मी सीगर यांची सर्वश्रेष्ठ तबकडी मानतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये नुकतेच कृष्णवर्णीय मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले होते. कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला. त्या हवेत हा माणूस डिलनची नवी गाणी म्हणतो, मॅल्व्हिना रेनॉल्ड्स यांचं ‘लिटल बॉक्सेस’ म्हणतो, क्यूबाचं ‘ग्वांतानामेरा’ म्हणतो आणि मग दक्षिणेतल्या तुरुंगांमधून आलेली स्वातंत्र्यगीतं घेतो. कान देऊन ऐकलं तर एक गोष्ट ध्यानात येते. धृपद येण्याआधी क्षणभर सीगर पुढची ओळ नुसती बोलून टाकतात, भरभर, तालाच्या फटीत. श्रोत्यांना शब्द मिळतात आणि सगळं सभागृह ती ओळ उचलतं. मग सीगर मूळ चाल श्रोत्यांवर सोपवून वरच्या पट्टीतला दुसरा सूर लावतात. पुढे ते सूर लांबवत नाहीत, मागे सरतात. आपल्या आवाजापेक्षा समोरच्यांचा आवाज मोठा झाला की त्यांचं काम झालेलं असतं. निरक्षर मंडळींकडून चर्चमध्ये प्रार्थना म्हणवून घ्यायची ही जुनी रीत. तिला त्यांनी न्यूयॉर्कच्या सर्वांत प्रतिष्ठित सभागृहात आणून बसवलं.

शीर्षकगीताचा प्रवासही सांगायला हवा. मूळ चर्चचं गाणं. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी १९४५-४६ च्या संपात ते गायलं. टेनेसीतल्या हायलँडर या कामगार-शाळेत ते झिल्फिया हॉर्टन यांनी उचललं, १९४७ मध्ये सीगर यांना शिकवलं. सीगर यांनी त्यात काही कडवी घातली, गाय कॅरावान यांनी १९६० मध्ये ते विद्यार्थी चळवळीला शिकवलं. गाण्याचे स्वामित्वहक्क नोंदवले गेले तेव्हा त्याचं मानधन चळवळीच्या निधीला जावं अशी व्यवस्था झाली. गिरिजाकुमार माथुर यांनी केलेलं त्याचंच हिंदी रूप ‘हम होंगे कामयाब’ महाराष्ट्रातल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातंय.

१९६३ मध्येच, कार्नेगी हॉलच्या त्या कार्यक्रमानंतर, सीगर तोशी आणि मुलांसह दहा महिन्यांच्या जगप्रवासाला निघाले. भारतातही आले. ‘रघुपती राघव राजाराम’ ही धून ते अमेरिकन श्रोत्यांकडून म्हणवून घेत, तिचं ध्वनिमुद्रणही त्यांनी केलं. आज आपण म्हणतो ती चाल विष्णु दिगंबर पलुसकरांची मानली जाते. पलुसकर कुरुंदवाडचे. आपल्या कृष्णेकाठच्या माणसाची चाल हडसनकाठच्या बँजोवर वाजली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण इतरांची गाणी गाण्याची दुसरी, कडू बाजूही आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ हे गाणं मुद्रित केलं. ती तबकडी अॅलन लोमॅक्स यांच्याकडून सीगर यांच्या हाती आली. शब्द चुकीचे ऐकू आले आणि वीव्हर्सच्या तोंडी त्याचं ‘विमोवे’ झालं. श्रेय छापलं गेलं पॉल कॅम्पबेल या नावावर. असा माणूसच नव्हता, वीव्हर्सनी सामायिक वापरलेलं ते टोपणनाव. त्यावरूनच पुढे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं आणि १९६१ मध्ये अव्वल ठरलं. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारले. खरा रचनाकार कळल्यावर सीगर यांनी त्यांना १,००० डॉलरचा धनादेश पाठवला होता आणि रॉयल्टी त्यांच्याकडे जावी असं प्रकाशकाला सांगितलं होतं, पण त्याचा पाठपुरावा केला नाही. लिंडा यांच्या मुलींना न्याय मिळायला २००६ उजाडलं. लोकगीत कोणाचंच नसतं असं म्हणताना बहुधा ते कुणातरी गरिबाचं असतं. सीगर यांना हे उमगलं, पण उशिरा. त्यांच्यासारख्या माणसाकडून अधिक दक्षतेची अपेक्षा होती आणि हा डाग मी लहान मानत नाही.

त्यांची स्वतःची गाणी बहुतेक इतरांच्या आवाजात गाजली. ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन’ची बीजं रशियन लेखक शोलोखोव्ह यांच्या कादंबरीतल्या एका लोकगीतात. सीगर यांनी तीन कडवी लिहिली, जो हिकरसन या तरुणाने पुढची कडवी जोडून वर्तुळ पुरं केलं, आणि मार्लिन डीट्रिखने ते जर्मनमध्ये गायलं. बायबलमधल्या उपदेशकाच्या शब्दांना लावलेली ‘टर्न! टर्न! टर्न!’ची चाल १९६५ मध्ये बर्ड्‌स या रॉक गटाने पहिल्या क्रमांकावर नेली. सीगर यांच्या स्वतःच्या आवाजातलं ‘लिटल बॉक्सेस’ मात्र १९६४ मध्ये सत्तराव्या क्रमांकाच्या वर चढलं नाही.

टीव्हीचं दार अजून बंदच होतं. एबीसीच्या ‘हूटनॅनी’ या लोकसंगीताच्या कार्यक्रमातही त्यांना बोलावलं नाही, म्हणून जोन बाएझसह कित्येकांनी त्यावर बहिष्कार टाकला. ‘रेड चॅनेल्स’मध्ये नाव आल्यावर १७ वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, सीबीएसवर स्मदर्स बंधूंनी त्यांना बोलावलं. सीगर यांनी ‘वेस्ट डीप इन द बिग मडी’ गायलं. नदीच्या चिखलात पलटणीला पुढे रेटणाऱ्या हेकट अधिकाऱ्याचं गाणं. व्हिएतनामचं नाव नसलं तरी रोख राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर होता. सीबीएसने ते कापलं. त्याच सीबीएसची कोलंबिया ही कंपनी त्या गाण्याची तबकडी विकत होती. बोभाटा झाला आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी सीगर यांना तेच गाणं पुन्हा गाऊ दिलं गेलं.

सत्तरच्या दशकात कोलंबियाचा संबंध संपला. त्यांचा वेळ आता हडसन नदीत जात होता. प्रदूषणाने मेलेल्या त्या नदीवर १९६९ मध्ये ‘क्लिअरवॉटर’ हे १०६ फुटी शिडाचं जहाज त्यांनी उतरवलं. तबकड्या होत राहिल्या, वुडी गथ्रीचा मुलगा आर्लो याच्याबरोबर आणि पुन्हा फोकवेजसाठीही. आवाज हळूहळू विरत गेला. ते मग ओळ सांगत आणि लोक गात. १९९६ च्या ‘पीट’ला ग्रॅमी मिळालं, ‘अॅट ८९’ला मिळालं, बीकनच्या शाळकरी मुलांबरोबर केलेल्या ‘टुमॉरोज चिल्ड्रन’ला २०११ मध्ये मिळालं, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. २००९ च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकासमोर, ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या शेजारी उभे राहून त्यांनी वुडीचं ‘धिस लँड इज युअर लँड’ म्हणवून घेतलं, आणि एरवी गाळली जाणारी बोचरी कडवीही गाळली नाहीत. २०१३ च्या जुलैमध्ये तोशी गेल्या. २७ जानेवारी २०१४ रोजी सीगर गेले.

मो अॅश १९८६ मध्ये वारले. पुढच्या वर्षी स्मिथसोनियन संस्थेने फोकवेज घेतली, ती एका अटीवर: दोन हजारांहून अधिक तबकड्यांपैकी एकही यादीतून काढायची नाही. अट आजवर पाळली गेली आहे. ज्यांना सीगर ऐकायचे आहेत त्यांनी ‘आयरीन’पासून सुरुवात करू नये. ‘अमेरिकन फेव्हरिट बॅलड्स’चा पहिला भाग लावावा, मग १९६३ च्या कार्नेगी हॉलचं संपूर्ण ध्वनिमुद्रण. आणि सीगर पुढची ओळ बोलून दाखवतील तेव्हा गप्प बसू नये.